जुलैचा तिसरा शनिवार

लव्ही स्पाइट बोलायला लागली की ऐकणाऱ्यानं खुर्ची ओढून बसावं हे बरं. तिला घाई ठाऊकच नव्हती. तंबाखूचं पान कोठारात टांगून मंद आचेवर आठवडाभर पिकवतात, तसं ती एकेक वाक्य पिकवून बाहेर काढायची. मध्येच कुणी "मग पुढं?" म्हटलं, तर म्हणायची, "पुढं काय, पळून चाललंय का ते?"

आता ती नाही. पण फेनर्स क्रॉसच्या रस्त्यानं जाताना तिच्या ओसरीकडं मान आपोआप वळते.

तिचं सगळं आयुष्य अमेरिकेच्या दक्षिणेत, पाच मैलांच्या आत गेलं. जन्म बीच क्रीक ओढ्याच्या काठी. शाळा तिथून अर्ध्या मैलावर, चर्च शाळेला लागून, आणि ज्या शर्टांच्या कारखान्यात तिनं सव्वीस वर्षं कॉलर शिवल्या तो रेल्वे फाटकाच्या पलीकडं. नवरा ओटिस लवकर गेला. मुलगी शिकून दूरच्या शहरात स्थिरावली. लव्ही मात्र हलली नाही. कुणी विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?" तर ती गावाचं नाव घ्यायची नाही.

"मी ट्रेनिंगची," म्हणायची.

ट्रेनिंग म्हणजे बीच क्रीक ट्रेनिंग स्कूल. काळ्यांच्या मुलांसाठी जिल्ह्यात असलेलं एकुलतं एक हायस्कूल. गोऱ्यांचं हायस्कूल गावात होतं, विटांचं, दोन मजली. ट्रेनिंग लाकडी होतं, आणि तिथली बाकं, नकाशे, पुस्तकं सगळं गावातल्या शाळेनं वापरून टाकलेलं. भूमितीच्या पुस्तकात आधीच्या पोरानं उत्तरं चुकीची लिहून ठेवलेली असायची. मास्तर म्हणायचे, "बघा, यातूनही शिकता येतं. ही चूक पुन्हा करू नका."

लव्हीची आई अल्मिटा त्या शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट होती. हेडमास्तर व्हिटेड यांची खोली, तिच्या दाराशी आईचं टेबल, टेबलावर तो काळा, जड टाइपरायटर. सकाळी शाळेत शिरलं की आधी तेल दिलेल्या लाकडी फरशीचा वास यायचा, मग आईच्या यंत्राचा टकटकाट, मग कुठंतरी लांब ट्रंपेट घासूनपुसून वाजवून बघणारं एखादं पोर. पुढं म्हातारपणी लव्ही म्हणायची, "स्वर्गात गेले आणि तिथं फरशीच्या तेलाचा वास नसला, तर मी दारातूनच परत फिरेन."

आणि शाळेला हॉल होता. जिल्ह्यानं हॉलला लाकडाची फळीसुद्धा दिली नव्हती. एक्कावन्न साली पालकांनी तो स्वतः उभा केला. ज्याच्या रानात देवदार होता त्यानं देवदार दिला, ज्याच्याकडं खेचर होतं त्यानं ओंडके ओढले, आणि ज्याच्याकडं काहीच नव्हतं तो छपरावर चढला. रॉस्को बेस्टचा बाप तिसऱ्याच दिवशी छपरावरून पडला आणि पाय मोडून घेतला. घरी बसेल तर तो बेस्ट कसला? अंगणात खुर्ची टाकून पुढचे दोन महिने त्यानं सगळ्यांना शिव्या घालत काम करवून घेतलं. रॉस्को म्हणायचा, "हॉल सरळ उभा आहे तो माझ्या बापाच्या मोडक्या पायामुळं. दोन्ही पाय धड असते तर त्यानं स्वतः बांधला असता, आणि मग तो पहिल्याच वाऱ्यात पडला असता."

सत्तर साली दोन्ही शाळा एक करायचा हुकूम आला. एक करायच्या म्हणजे ट्रेनिंग बंद करायची. कागद फिरले, आणि जागा, इमारत, हॉल सगळं जिल्ह्याच्या नावावर झालं. शाळेनं जिंकलेले चषक ट्रकमध्ये भरून कचऱ्याच्या खड्ड्यात टाकले. हेडमास्तर व्हिटेड यांना जिल्ह्याच्या कोठारात पुस्तकं मोजायचं काम दिलं. एकोणीस वर्षं शाळा चालवलेला माणूस, टाय लावून पुस्तकं मोजायला जायचा. लव्हीच्या आईला कुठंच काम मिळालं नाही.

नंतर शाळेची इमारत पाडली. हॉल तेवढा राहिला. लग्नं, सभा, रक्तदान यांसाठी जिल्हा तो लोकांना देऊ लागला. चौऱ्याहत्तरपासून दर जुलैच्या तिसऱ्या शनिवारी तिथं ट्रेनिंगचा मेळावा भरायचा. माणसं न्यूयॉर्कहून यायची, फिलाडेल्फियाहून यायची. मोठाल्या पातेल्यांत कोलार्डच्या हिरव्या पानांची भाजी शिजायची, अंगणात डुक्कर भाजलं जायचं, व्हिनेगरचा वास थेट मुख्य रस्त्यापर्यंत. साठीच्या बाया एकमेकींना शाळेतल्या टोपणनावांनी हाका मारायच्या आणि मुलींसारख्या लाजायच्या. तो शनिवार कुठल्या नियमात लिहिलेला नव्हता. यंदाचा मेळावा संपला की जिल्ह्याच्या कचेरीतल्या वहीत पुढच्या वर्षीचं नाव लिहून यायचं, एवढंच. शेवटची अठरा वर्षं ते नाव लव्ही लिहून यायची, कारण मेळाव्याची चिटणीस तीच.

दोन हजार चौदाच्या एप्रिलमध्ये रॉस्को बेस्ट काठी आपटत तिच्या ओसरीवर आला. तेव्हा तो पंचाहत्तरीचा, चर्चचा डीकन म्हणजे सेवेकरी, आणि मेळाव्याचा अध्यक्ष.

"लव्हे, बसलीयस का? बसलीच असशील तर नीट बस."

"डीकन, कुणी गेलं का?"

"अजून नाही. पण आपला शनिवार चाललाय." त्यानं खिशातून कागद काढला. "जिल्ह्याच्या बोर्डाकडं तक्रार गेलीय. सरकारी हॉल एकाच वंशाच्या लोकांसाठी चाळीस वर्षं राखून ठेवलाय म्हणे. गोऱ्या लोकांनी असा मेळावा भरवला असता तर तुम्ही त्याला काय म्हटलं असतं, असं विचारलंय. हा उलटा वर्णभेद आहे म्हणे."

"कुणी लिहिलंय?"

रॉस्को छपराकडं बघत राहिला.

"बोला की. छपरावर लिहिलंय का नाव?"

"तुझी ग्लेंडा."

ग्लेंडा हॅरेल आणि लव्ही एकाच वयाच्या. शाळा एक झाल्यावर शेवटचं वर्ष दोघी एकाच वर्गात होत्या, आणि वर्षभरात चार शब्द बोलल्या नव्हत्या. बोलू लागल्या त्या कारखान्यात, मशीनला मशीन लागलं तेव्हा. कॉलरचं टोक न फाडता उलटवायचं कसं, ते ग्लेंडाला लव्हीनं शिकवलं. ग्लेंडाच्या आईच्या आजारपणात लव्हीनं तिच्या वाटणीचे गठ्ठे शिवले. ओटिस गेला तेव्हा ग्लेंडा काळ्यांच्या चर्चमध्ये आली, शेवटच्या बाकावर बसली आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडली. दुपारचा डबा दोघी एकत्र खायच्या. पण एकमेकींच्या घरात त्या कधी गेल्या नव्हत्या. का, ते दोघींनी कधी विचारलं नाही. आमच्याकडं ते विचारायची रीत नव्हती.

"तिच्या नातीचं लग्न आहे," रॉस्को म्हणाला. "पुढच्या वर्षीच्या जुलैत. तिला हॉल हवा होता तिसऱ्या शनिवारी. कचेरीत सांगितलं, तो ट्रेनिंगचा. मग बाईसाहेबांनी घेतली लेखणी."

लव्हीनं कागद घेऊन खालची सही वाचली. मग म्हणाली, "मला विचारलं असतं तर?"

"तर दिला असतास?"

"नसता दिला," लव्ही म्हणाली. "पण विचारलं तर असतं."

त्या वर्षी ट्रेनिंगमधून पास झालेली माणसं भराभर जात होती. मार्चपर्यंत तिघं गेली होती. जी उरली होती ती वर्षभर त्या एका शनिवारावर डोळे लावून जगत. हे लव्हीला ठाऊक होतं, कारण त्यांचे फोन तिलाच यायचे. नव्वदीचे एक मास्तर दर महिन्याला विचारायचे, "बाळ, जुलैला किती दिवस?" शनिवार गेला तर ती माणसं कुठं जमणार होती? कुणाच्या दिवाणखान्यात? ज्या जागेत ती तरुण होती, ती जागा आता तेवढीच एक उरली होती.

चार दिवसांनी ग्लेंडा स्वतःच आली. गाडी रस्त्यावर लावून आत यावं की नाही, अशी फाटकाशी घुटमळली.

"ये," लव्ही म्हणाली. "कुत्रा नाहीये. होता, तोही गेला."

ग्लेंडा ओसरीवर आली. लव्हीनं साखर घातलेला गार चहा दिला. ग्लास हातात धरून ग्लेंडानं आजूबाजूला बघितलं, जणू चाळीस वर्षं ज्या घराची वर्णनं ऐकली ते नकाशाशी ताडून बघत होती.

"तू रागावलीस."

"मी काय रागावणार? पत्रावर बोर्डानं रागवायचं असतं."

"लव्ही, टोमणे मारू नकोस. सरळ बोल." ग्लेंडाचे डोळे भरून आले. "चाळीस वर्षं तो मेळावा होतो. चाळीस वर्षं मी रस्त्यावरून वास घेत जाते. एकदा तरी म्हणालीस, ग्लेंडा, ये? मी एवढी वर्षं तुझ्या शेजारी बसले. मी तुला कधी वाईट शब्द बोलले?"

"नाही."

"मग? माझा रंग गोरा म्हणून मला बाहेर ठेवलं, यालाच तर आपण वर्णभेद म्हणतो ना? की तो एकाच बाजूनं होतो?"

लव्हीनं ग्लास खाली ठेवला. रॉस्को असता तर त्यानं फटकन उत्तर दिलं असतं. तिला ते जमेना. कारण ग्लेंडाचं दुखणं खोटं नव्हतं, आणि ते तिला दिसत होतं.

"तुला एक सांगते," ती म्हणाली. "सदुसष्टचा उन्हाळा आठवतो? घरोघर एक कागद आला होता. मुलानं कुठल्याही शाळेत जावं, आईबापांनी शाळेच्या नावापुढं खूण करावी."

"असेल. आपण चौदा वर्षांच्या होतो."

"आमच्या हेडमास्तरांनी तो कागद सगळ्या शिक्षकांसमोर वाचला. म्हणाले, यात 'कुठलीही शाळा' असं लिहिलंय. म्हणजे आपलीही आली. पाहुणे येणार असतील तर घर झाडलेलं असावं."

"पाहुणे म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही."

ग्लेंडा बघतच राहिली.

"शिक्षक तोंड लपवून हसले. माझी आई हसली नाही. तिनं बारा बाकं बाजूला काढायला लावली. ती बाकं तुमच्याच शाळेतून टाकून दिलेली, त्यांवर तुमच्या पोरांनी चाकूनं नावं कोरलेली. सुतारकामाच्या मास्तरांनी आठवडाभर रंधा मारून ती नावं काढली. आई म्हणाली, आलेल्या मुलांना आपलीच जुनी बाकं बघून लाज वाटायला नको. मग तिनं बारा कार्डं टाइप केली. 'सुस्वागतम्', आणि खाली नावासाठी नुसती टिंबं, कारण कोण येणार ते ठाऊक नव्हतं. शाळेच्या पहिल्या दिवशी स्वयंपाकाच्या वर्गातल्या मुलींनी पहाटे उठून पाव भाजले. आणि मला फाटकात उभं केलं. हातात पांढरे मोजे, चर्चमध्ये दाराशी उभं राहताना घालतात ते. आलेल्याला वर्गापर्यंत न्यायचं काम माझं."

"कुणी आलं?"

"नऊ वाजता एक गाडी वळली आत. गोरा माणूस, शेजारी त्याची मुलगी. मी मागं वळून बघितलं तर खिडकीत आई उभी राहिली होती. स्कर्ट नीट करत होती. माणसानं काच खाली केली आणि खताच्या दुकानाची वाट विचारली."

ग्लेंडानं तोंडावर हात धरला.

"मी सांगितली वाट. डावीकडं, मग पूल, मग उजवीकडं. आई खाली बसली आणि तिनं हजेरी टाइप करायला घेतली. दहा वाजता मला आत बोलावलं. पाव आम्हीच खाल्ले. चांगले झाले होते. पण ती बारा बाकं आईनं तीन वर्षं हलवू दिली नाहीत. बाजूच्या वर्गात एका बाकावर दोन-दोन पोरं बसायची, आणि ही तिथं पुसून ठेवलेली. कुणी कुरकुरलं तर आई म्हणायची, कागद दरवर्षी येतो ना? मग यंदाही येतील. तीन वर्षं कागद आला, ग्लेंडा. तुझ्याही घरी आला."

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला.

"तो कागद माझ्या वडिलांनी भरला असणार," ग्लेंडा शेवटी म्हणाली. "मी चौदा वर्षांची होते, लव्ही. मी काय करू शकत होते?"

"काहीच नाही. मी तुला दोष देत नाहीये. आमच्या मेळाव्याच्या नियमात लिहिलंय, जो कोणी ट्रेनिंगमध्ये शिकला तो सभासद. रंगाचं नावसुद्धा नाही त्यात. आमचं दार उघडं होतं, त्यातून कुणी आलं नाही. तुमचं बंद होतं. ते उघडलं तेव्हा आमचं घरच पाडलं. आता त्या घरातली माणसं वर्षातून एकदा भेटतात, तर ते बंद दार आणि हे भेटणं तू एकाच तराजूत तोलतेस."

"आणि मला फोरमन केलं तेव्हाही तू मनात असंच म्हणाली असशील."

लव्ही हसली. कारखान्यात सहाव्या वर्षी ग्लेंडाला त्यांच्या मशीनच्या ओळीची फोरमन केलं होतं. कॉलर शिकवणारी लव्ही वीस वर्षांनीही कॉलरच शिवत होती.

"ती जागा मी मागितली नव्हती," ग्लेंडा म्हणाली.

"ठाऊक आहे मला. तुला मागावी लागली नाही, एवढंच."

ग्लेंडा उठली. पायरीवर थांबली. "म्हणजे मी आता कुठं उभं राहायचं? जे मी केलं नाही त्यासाठी जन्मभर मान खाली घालून?"

लव्हीनं तिचा अर्धा राहिलेला ग्लास उचलून तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "चहा संपव. साखर वाया जातेय."

मे महिन्यात एका सोमवारी बोर्डाची बैठक झाली. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटा. रॉस्को उभा राहिला आणि एक्कावन्न सालापासून सुरू झाला. बाप छपरावरून पडेपर्यंत पोचला, तेवढ्यात घंटा वाजली.

"अहो, पडलेला माणूस उठू तर द्या!" तो म्हणाला. सगळे हसले, पण त्याला बसवलं.

लव्हीनं मेळाव्याचा नियम वाचून दाखवला. तिचा बोलण्याचा वेग तो तसा. दुसऱ्या कलमातच तीन मिनिटं संपली.

मग ग्लेंडा. तिनं आपलं पत्र वाचलं, सगळं, एकही शब्द न गाळता. लव्ही मांडीवरच्या पर्सकडं बघत होती. पत्र संपल्यावर ग्लेंडा तशीच उभी राहिली.

"मी पत्र मागं घेत नाही," ती म्हणाली. "नियम सगळ्यांना एक हवा. पण तो हॉल त्यांच्या लोकांनी बांधला, हे मला साठ वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. ते लिहून घ्या."

अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "हॉल कुणी बांधला हा आजचा विषय नाही, मॅडम."

ठराव झाला. यंदाचा शनिवार ट्रेनिंगचाच. पुढच्या वर्षापासून राखीव काही नाही. दोन जानेवारीला सकाळी आठ वाजता कचेरी उघडेल, जो पहिला येईल त्यानं पहिली तारीख घ्यावी. सगळ्यांना एकच रांग. ऐकायला तो नियम ओळंब्यासारखा सरळ होता. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि लव्हीला राग आला तो त्याचाच.

त्या जुलैचा मेळावा झाला. पण नव्वदीच्या त्या मास्तरांनी निरोप घेताना "पुढच्या वर्षी भेटू" म्हटलं आणि लव्हीच्या तोंडून "हो" निघालं नाही. तिनं त्यांचा हात धरून ठेवला, बस्स.

दोन जानेवारीला ती पहाटे पाच वाजता कचेरीच्या पायरीशी पोचली. गवतावर दहिवर गोठलेलं. बरोबर घडीची खुर्ची आणि जुन्या कापडांची जाड रजई. सहाच्या सुमारास रॉस्को कॉफी घेऊन आला.

"डीकन, तुम्ही कशाला आलात? गुडघे धरतील."

"गुडघे घरीही धरतातच. इथं निदान सोबत आहे." त्यानं रिकाम्या अंगणावर नजर फिरवली. "पहिला नंबर लागला आपला. एवढ्या सुखाची सवय नाही मला. बसू का उभा राहू?"

उजाडलं. साडेसात झाले. तेवढ्यात इमारतीच्या कोपऱ्यावरून ग्लेंडा आली. रस्त्याकडून नव्हे, मागच्या बाजूनं. कोटाची कॉलर वर केलेली. ती येऊन लव्हीच्या मागं उभी राहिली.

"नवीन वर्षाच्या शुभेच्छा," लव्ही पुढं बघत म्हणाली.

"तुलाही."

तिघांच्या तोंडातून वाफ निघत होती. मग ग्लेंडा म्हणाली, "माझी भाचेसून आहे इथं कचेरीत. ब्रँडी. तिचा काल फोन आला. म्हणाली, मावशी, थंडीत उभी कशाला राहतेस, साडेसातला मागच्या दारानं ये, मी तुझी तारीख आधी लिहून ठेवते."

रॉस्कोनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! आम्ही लहान होतो तेव्हा आम्हाला समोरनं यायची मुभा नव्हती, मागचं दार आमचं होतं. आता तेही तुम्ही घेतलंत?"

ग्लेंडाला हसू आलं आणि त्याच वेळी तिचा चेहरा पडला. "मी तिला सांगितलं नव्हतं, लव्ही. देवाशपथ. तिनं आपणहून केला फोन."

"तुझ्यावर विश्वास आहे."

"पण मी आले. गाडी मागं लावली. दार किलकिलं ठेवलं होतं तिनं, आत दिवा दिसत होता. मी पायरी चढलेसुद्धा. मग इकडून डीकनचं हसणं ऐकू आलं. कोपऱ्यावर येऊन बघितलं तर तू. रजई लपेटून बसलेली."

लव्हीनं आता मान वळवली. तिनं ग्लेंडाकडं नीट बघितलं, कॉलरची शिवण तपासावी तसं.

"आणि मी दिसले नसते तर?"

ग्लेंडानं हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"तर मी आत गेले असते," ती म्हणाली. "आणि मला त्यात काही वावगं वाटलं नसतं."

एवढ्या वर्षांत ग्लेंडा तिच्याशी इतकं खरं कधी बोलली नव्हती. लव्हीचा राग गेला असं नाही. तो होता तिथंच होता, पण आता त्याच्याशेजारी बसायला जागा झाली होती.

ती खुर्चीवरून उठली. "बस. पाच वाजल्यापासून बसून माझी पाठ धरलीय. पण ऐक, खुर्ची तुझी, नंबर माझा."

"आणि माझं काय?" रॉस्को म्हणाला.

"तुम्ही देवाचं नाव घ्या, डीकन."

आठ वाजता आतून कडी सरकली. ब्रँडीनं समोरचं दार उघडलं. पंचविशीची, गोड चेहऱ्याची पोर. तिला वाईट वागायचं नव्हतं. ती आयुष्यात कुणाशी वाईट वागली नसेल. काउंटरमागं जाऊन तिनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि लव्हीच्या खांद्यावरून मागं बघत म्हणाली, "ये ना मावशी, तुझी तारीख कुठली?"

लव्ही हलली नाही.

"पोरी," ग्लेंडा म्हणाली, "मागं काय बघतेस? पुढं कोण उभं आहे ते बघ."

ब्रँडी गोरीमोरी झाली. लव्हीनं दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि तिला तारीख सांगितली.